वार्षिक सभेची नोटीस आणि स्पेसबार : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एक जुनी, चार मजली सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. २०२२च्या जूनमध्ये संस्थेच्या सचिवांनी प्रकृतीमुळे राजीनामा दिला. समितीतल्या एका काकूंनी, "कोणीच तयार नसेल तर मी बघते," असं म्हणून ते पद घेतलं. काकू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या. ऐंशीच्या दशकात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन त्यांनी मराठी टायपिंगच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिल्या होत्या. नोकरीची पहिली वर्षं मराठी टाइपरायटरवर गेली. कार्यालयात संगणक आले तोवर काकू बढतीवर वरच्या टेबलाशी पोचल्या होत्या, त्यामुळे संगणकावर टाइप करायला समोर ऑपरेटर असायचा. म्हणजे उत्तम टायपिस्ट असलेल्या या बाईंनी वर्ड प्रोसेसरला हात असा कधी लावलाच नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने त्यांना शिकवायला सुरुवात केली. ती कॉलेज किंवा परीक्षेत अडकलेली असेल तेव्हा मी शिकवत असे. संगणक शिकवणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्या समितीतल्या एकांशी जुना परिचय होता.

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता अडचण साधी होती : सचिवांना वर्ड येत नाही. पण त्यामागे तारखा होत्या. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस सभासदांना १४ पूर्ण दिवस आधी मिळावी लागते. समितीने सभा रविवारी, २५ सप्टेंबरला ठरवली. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून मध्ये १४ दिवस हवेत, म्हणजे नोटीस १० सप्टेंबरला हातात पडलीच पाहिजे. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ९ला होती. गणपतीच्या दहा दिवसांत कुणी संगणकासमोर बसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. (२५ला सर्वपित्री अमावास्या येते म्हणून एका सभासदाने हरकतही घेतली. पण दुसऱ्या दिवशी घटस्थापना, त्यामुळे पुढे ढकलायला जागा नव्हती.)

आजवर संस्थेचे सगळे कागद कोपऱ्यावरच्या एका डीटीपीच्या दुकानातून होत. जुने सचिव हाताने मजकूर लिहून देत, दुकानदार प्रिंट देई. आदल्या वर्षी छापून आलेल्या नोटिशीत ताळेबंदाच्या तारखेची ओळ त्याच्याही आधीच्या वर्षाची राहिली होती. चूक लक्षात आली तेव्हा दुकान बंद होतं आणि तारीख पेनाने दुरुस्त केलेल्या प्रती घरोघर वाटाव्या लागल्या. काकूंना तो प्रसंग लागला होता. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : "मला कॉम्प्युटर शिकायचा नाही. मला माझा कागद माझ्या हाताने दुरुस्त करता आला पाहिजे."

हे वाक्य पुढच्या सगळ्या निर्णयांना उपयोगी पडलं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, दुकान चालू ठेवायचं आणि तपासणी कडक करायची. खर्च कमी, शिकणं शून्य. पण दुकानदाराने पेनड्राइव्हवर दिलेल्या जुन्या फायली घरच्या लॅपटॉपवर उघडल्या तेव्हा मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चुरा दिसला. त्या फायली युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत्या. त्या पद्धतीत फाइलमध्ये साठवलेलं असतं ते रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्यावर मराठी आकृती चढवतो. फॉन्ट नसेल तर आतला मूळ माल उघडा पडतो. अशा फाइलमध्ये "थकबाकी" हा शब्द शोधूनही सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर फोनवर, ईमेलमध्ये, दुसऱ्याच्या संगणकावर मराठीच राहतो. हे कळल्यावर पहिला पर्याय बाद झाला.

दुसरा, जवळच्या केंद्रात एमएस-सीआयटीला नाव घालायचं. २००१पासून राज्यभर चाललेला हा अभ्यासक्रम पायापासून सगळं शिकवतो : इंटरनेट, स्प्रेडशीट, सादरीकरण. मला तो वाईट वाटत नाही. पण काकूंना हवा होता त्याचा एक तुकडा, आणि तोही गणपतीच्या आधी.

तिसरा, फोनवर बोलून मजकूर उतरवायचा. अध्यक्षांना हा फार आवडला. चाचणी घेतली. साधी वाक्यं बरी उतरली. मात्र विरामचिन्हं गायब, सभासदांची आडनावं भलतीच, आणि "लेखापरीक्षक" दर वेळी नव्या रूपात. कच्च्या टिपणासाठी ठीक, नोटिशीसाठी नाही, असं ठरलं.

चौथा, जो निवडला गेला : घरीच, एकच कागद समोर ठेवून, तो पूर्ण होईपर्यंत शिकायचं.

निर्णय पहिला : कोणता प्रोग्रॅम

संस्थेच्या जुन्या लॅपटॉपवर परवान्याचं वर्ड नव्हतं. एका सभासदाच्या मुलाने "क्रॅक टाकून देतो" म्हटलं. खजिनदारांनी ते तिथेच थांबवलं. ज्या लॅपटॉपवर सभासदांचे हिशेब आहेत तिथे चोरीची प्रत नको, हे कारण पुरेसं होतं. लिबरऑफिस मोफत आहे, त्यातला रायटर अशा कामाला पुरतो. तो बसवला.

लगेच पुढचा प्रश्न आला : मेनू मराठीत ठेवायचे का? लिबरऑफिस मराठीत मिळतं आणि माझी पहिली ओढ तिकडेच होती. मुलगी नको म्हणाली. तिचा मुद्दा असा की काकू अडल्या की फोन करणार, आणि फोनच्या पलीकडे जो कुणी असेल त्याला "फॉरमॅट", "इन्सर्ट", "टेबल" हेच शब्द माहीत असणार. मेनू इंग्रजीतच राहिले आणि काकूंना त्यांचा त्रास झाला नाही. खात्यात अर्धं काम इंग्रजी फॉर्मवरच होत असे.

निर्णय दुसरा : कोणता कळफलक

इथे सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो जायला हवाच होता.

काकूंच्या बोटांत टाइपरायटरची मांडणी मुरलेली. युनिकोडमध्ये उतरणारे, टाइपरायटरच्या मांडणीचे कळफलक मिळतात, पण ते वेगळे बसवावे लागतात. विंडोजमध्ये मुळातच दोन सोयी आहेत. एक इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, दुसरा उच्चारानुसार चालणारा फोनेटिक कळफलक (विंडोज १०मध्ये तो २०१९पासून आला).

फोनेटिकने सुरुवात केली, कारण तो सोपा म्हणून सांगितला जातो. मराठी शब्द मनात आणायचा, त्याचं रोमन स्पेलिंग ठरवायचं, मग ते टाइप करायचं. काकूंना हा मधला टप्पा सहन झाला नाही. "मी 'ठराव' लिहिताना टी-एच का म्हणून आठवू?" ज्यांनी आयुष्यभर फोनवर रोमनमधून मराठी लिहिलं आहे त्यांना हा टप्पा जाणवतही नाही. ज्यांनी मराठी थेट मराठीतच टाइप केलं आहे त्यांच्या तो पायात येतो.

मग इनस्क्रिप्ट घेतला. एक कळ, एक वर्ण. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. पण अडचण कळांच्या जागांची नव्हती. जागा दोन आठवड्यांत बसल्या. अडचण क्रमाची होती. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे उमटते. रफार मात्र अक्षरानंतर. शिवाय थ, ध, भ, श, ण ही अक्षरं अर्ध्या अक्षराला काना जोडून तयार व्हायची. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. "वार्षिक" लिहिताना र, मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग ष, आणि वेलांटी त्यानंतर. काकू वेलांटी आधी मारायच्या आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन एकटी वेलांटी उभी राहायची.

यावर मुलीने केलेला उपाय मला पटला. तिने कळफलकाचा तक्ता बाजूला ठेवला आणि काकूंना शब्द मोठ्याने फोडून म्हणायला लावले : "वा, र्, षि, क." तोंड पुढे, बोटं मागे. सभेच्या कामकाजात तेच वीस-पंचवीस शब्द पुन्हा पुन्हा येतात : इतिवृत्त, ठराव, सर्वानुमते, मंजूर, अनुमोदन, थकबाकी, देखभाल खर्च. सराव त्यांचाच. "दुसऱ्या" मधला ऱ्या अडला तेव्हा शिफ्टसह र, म्हणजे नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य, एवढं एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवलं. ती एकच चिठ्ठी शेवटपर्यंत राहिली.

निर्णय तिसरा : आधी काय दाखवायचं

बहुतेक वर्गांत वर्ड प्रोसेसर बटणांच्या क्रमाने शिकवला जातो. ठळक, तिरकं, अधोरेखित, रंग, फॉन्ट, मग टेबल. त्याने शिकणाऱ्याला कागद सजवता येतो, पण कागद कशाचा बनला आहे ते कळत नाही. काकूंच्या पहिल्या मसुद्यात हे लख्ख दिसलं. कागद छापून पाहिला असता तर कुणालाही तो उत्तम वाटला असता. शीर्षक बरोबर मध्यावर, विषय एकाखाली एक, उजवीकडे खाली "सचिव". मग कंट्रोल आणि एफ१० दाबलं. लपलेली चिन्हं दिसू लागली.

शीर्षकाच्या आधी स्पेसचे ठिपके ओळीने उभे होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेदाचं चिन्ह, कारण ओळ संपली की एन्टर, हा टाइपरायटरच्या खटक्याचा संस्कार. विषयांचे क्रमांक हाताने टाइप केलेले. सही पानाच्या तळाशी जावी म्हणून रिकाम्या एन्टरची रांग, आणि "सचिव" उजवीकडे ढकलायला पुन्हा ठिपके.

काकू थोड्या नाराज झाल्या. "टाइपरायटरवर असंच करतात," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, म्हणून स्पेस मोजून मध्य काढता येतो. ते कसब होतं, परीक्षेत त्याला गुण होते. संगणकातल्या बहुतेक फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी वेगवेगळी असते, म्हणून तेच कसब इथे उलटतं. हे पटवायला मुलीने एकच गोष्ट केली : अक्षराचा आकार १२ वरून १४ केला. सगळा कागद विस्कटला. ओळी मध्येच तुटल्या, "सचिव" पुढच्या ओळीवर गेला, सही दुसऱ्या पानावर.

"काकू, आता स्पेसबार सोडा."

तिथून शिकवण्याचा क्रम बदलला. ठळक-तिरकं बाजूला पडलं. प्रथम परिच्छेद म्हणजे काय : एन्टर फक्त विचार संपल्यावर, ओळ आपोआप मोडते. मग मध्यावर आणायचं ते संरेखनाच्या (अलाइनमेंटच्या) आज्ञेने. विषयांना स्वयंचलित क्रमांक. सह्यांसाठी एका ओळीचं, तीन रकान्यांचं, रेषा नसलेलं टेबल : अध्यक्ष, सचिव, खजिनदार. पुढचं पान हवं असेल तर कंट्रोल आणि एन्टर. आणि या सगळ्याआधी केलेलं मागे घेणारं कंट्रोल-झेड, कारण टाइपरायटरवर चूक म्हणजे नवा कागद, आणि ती भीती गेल्याशिवाय कुणी काही करून बघत नाही.

शैली, म्हणजे स्टाइल, ही कल्पना सर्वांत शेवटी आली आणि सर्वांत लवकर समजली. खात्यात शेऱ्याचा, परिपत्रकाचा, कार्यालयीन आदेशाचा नमुना ठरलेला असतो. "म्हणजे हे नमुनेच," असं म्हणून त्यांनी मथळा, विषय आणि मजकूर अशा तीन शैली स्वतः नेमल्या.

फॉन्टवर एक खोळंबा झाला तो सांगायला हवा, कारण मराठी शिकणारा प्रत्येक जण तिथे अडकतो. काकूंनी फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर तसाच राहिला, इंग्रजी तेवढा बदलला. रायटरमध्ये रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगळे नोंदवलेले असतात. अक्षरांच्या खिडकीत दुसऱ्या खान्यात जाऊन तो बदलावा लागतो, आकारही तिथेच. त्यानंतर अध्यक्षांनी प्रिंट हातात घेऊन, "हा ल हिंदी दिसतोय," असा शेरा मारला. बरोबर होता. ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी असतात. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट त्या वळणांचाच आहे. तो बसवल्यावर अध्यक्ष गप्प झाले.

नोटिशीच्या आधीची संध्याकाळ

मसुदा गणपतीच्या आधी तयार होता. ९ सप्टेंबरला विसर्जनाची मिरवणूक बाहेर चालू असताना समितीच्या एका सदस्याचा निरोप आला : लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करण्याचा विषय नोटिशीत घ्या, आणि तो ऐनवेळच्या विषयांत नको. मोठ्या खर्चाचा विषय आधी कळवलेला असावा, ही मागणी रास्त होती. मुलगी मिरवणुकीत होती, फोन लागत नव्हता.

काकूंनी लेखापरीक्षकाच्या नेमणुकीच्या विषयानंतर एन्टर दाबला आणि नवा विषय लिहिला. पुढचे क्रमांक आपोआप सरकले. कागद एका ओळीने वाढला तरी सह्यांचं टेबल एकसंध खाली गेलं, पानाबाहेर पडलं नाही. त्यांनी पीडीएफ केला आणि सकाळी गटावर टाकला. छापील प्रती प्रत्येक घरी सही घेऊन दिल्या, एक फलकावर लावली. आदल्या वर्षी दुकान बंद म्हणून पेनाने दुरुस्ती झाली होती. या वर्षी बदल रात्री आला आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

निष्पत्ती

सभा झाली. इतिवृत्त मात्र नोटिशीइतकं सुरळीत झालं नाही. सभेत काकूंनी हाताने टिपणं घेतली, ती घरी फोनला वाचून दाखवली आणि उतरलेला मजकूर रायटरमध्ये नेला. दुरुस्त्या करण्यात जवळजवळ टाइप करण्याइतकाच वेळ गेला. शिवाय त्यांनी नोटिशीचीच फाइल उघडून त्यात इतिवृत्त लिहिलं आणि कंट्रोल-एस दाबलं. मूळ नोटीस गेली. पीडीएफ होता म्हणून संस्थेच्या दप्तराला तोटा झाला नाही, पण पुढच्या वर्षीसाठी नमुना पुन्हा बांधावा लागला.

काही गोष्टी शिकायच्या राहिल्या, त्यातल्या काही ठरवून. थकबाकीदारांना नावानिशी पत्रं पाठवायची म्हणजे मेल मर्ज, आणि त्यासाठी एक्सेलमधली यादी स्वच्छ हवी. ते काम खजिनदारांनी घेतलं. काकूंनी त्यात हात घालायचा नाही असं सप्टेंबरमध्येच ठरलं होतं आणि तो निर्णय चांगला होता. शिकणाऱ्याला काय शिकवायचं नाही हे ठरवायला शिकवणाऱ्याची जीभ जड होते, हा माझा अनुभव आहे.

लेखापरीक्षकांकडून येणारी वर्डची फाइल रायटरमध्ये उघडली की टेबलं थोडी हलतात. त्यावर पक्का तोडगा निघाला नाही. ती फाइल उघडून वाचायची, दुरुस्त्या ईमेलमध्ये लिहून कळवायच्या, फाइलला हात लावायचा नाही, असा रिवाज पडला.

काय वेगळं करता आलं असतं

कळफलकाचा निर्णय फोनेटिकने सुरू व्हायला नको होता. शिकणाऱ्याला आधी विचारायला हवं होतं : तुम्ही मराठी कशावर लिहिता? पेनाने, फोनवर की टाइपरायटरवर? उत्तर टाइपरायटर असेल तर इनस्क्रिप्ट आणि टाइपरायटरची मांडणी यांतच निवड करावी. तीसेक वर्षांची सवय असेल आणि वेग महत्त्वाचा असेल तर वेगळा कळफलक बसवण्याचा त्रासही परवडतो. काकूंच्या बाबतीत पुढे कुठल्याही संगणकावर बसता यावं हा मुद्दा वरचढ ठरला, म्हणून इनस्क्रिप्ट योग्य होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत नसेलही.

नमुना फाइल पहिल्या नोटिशीनंतर लगेच टेम्प्लेट म्हणून जतन करायला हवी होती. टेम्प्लेट उघडलं की प्रत तयार होते, मूळ शाबूत राहतं. जतन करताना आधीची प्रत राखून ठेवण्याची सोयही रायटरच्या पर्यायांत आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करण्यासारखी आहे, कारण ती शिकणाऱ्याकडून काहीच मागत नाही.

जुन्या फायलींचं रूपांतर मागे पडलं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण नंतर प्रत्येक ओळ वाचावी लागते. जोडाक्षरं आणि रफार हमखास कुठेतरी घसरतात. समितीने सगळी जुनी इतिवृत्तं बदलायचं मनात आणलं होतं. त्याऐवजी लागतील तेवढेच ठराव बदलणं शहाणपणाचं ठरलं असतं. अर्धवट झालेलं ते काम अजून त्याच पेनड्राइव्हवर आहे.

लपलेली चिन्हं मात्र पहिल्या तासालाच दाखवावीत की पहिला मसुदा होऊ द्यावा, यावर माझं आणि त्या मुलीचं एकमत नाही. तिच्या मते मसुदा विस्कटलेला पाहिल्याशिवाय कुणाला त्या चिन्हांचं कारण पटत नाही. माझ्या मते इतक्या मेहनतीने मांडलेला कागद डोळ्यांदेखत मोडायला लागणं काहींना कायमचं दूर लोटू शकतं. काकू टिकल्या, पण त्यांना अंतिम तारीख होती.

२०२३ची नोटीस काकूंनी टेम्प्लेटवरून केली. मेल मर्ज अजून खजिनदारांकडेच आहे.